महासंगणकावरील आज्ञावलींची बांधणी : संकलनातील त्रुटी आणि अवलंबित्वाचे व्यवस्थापन

वाराणसीनजीक गंगेच्या पूर्वतीरावर वसलेले रामनगर काशीनरेशांचा अठराव्या शतकातील किल्ला, तेथील रामलीला आणि माजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर यांसाठी प्रसिद्ध आहे. नदीच्या पश्चिम तीरावर काशी हिंदू विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. या विद्यापीठासाठी रामनगरचे तत्कालीन काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी जमीन दिली होती. १९१६ मध्ये पायाभरणी झालेल्या याच परिसरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी 'परम शिवाय' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत देशात उभारण्यात आलेला हा पहिला महासंगणक होय. त्याची उभारणी पुणे येथे मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' अर्थात प्रगत संगणन विकास केंद्राने केली.

'परम शिवाय'ची कमाल क्षमता ८३७ टेराफ्लॉप इतकी सांगण्यात आली आहे. याचा अर्थ, दर सेकंदाला ८३७ लाख कोटी गणितक्रिया. मात्र एवढी क्षमता हाताशी असूनही संशोधकाची आज्ञावली त्या यंत्रावर बांधलीच गेली नाही, तर तिचा काही उपयोग होत नाही. गणन सुरू होण्यापूर्वीचा हा टप्पा बाहेरच्या व्यक्तीला दिसत नाही. परंतु संगणकशास्त्राच्या व्यवहारात सर्वाधिक वेळ खाणाऱ्या कामांमध्ये त्याची गणना होते. या टप्प्यावर उद्भवणाऱ्या त्रुटी कोणत्या, त्यांची कारणे काय आणि त्यांचे निवारण कसे केले जाते, याचा हा आढावा.

पुण्यापासून वाराणसीपर्यंत

ऐंशीच्या दशकात अत्याधुनिक महासंगणक परदेशांतून मिळविण्यात भारताला अडथळे आले. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा देशी महासंगणक साकार झाला. २००३ मध्ये 'परम पद्म', २००८ मध्ये 'परम युवा' आणि २०१३ मध्ये 'परम युवा-२' ही यंत्रे त्याच मालिकेतील. २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी दिली. या अभियानातून वाराणसीपाठोपाठ खरगपूर, पुणे आणि अन्य शहरांतील शैक्षणिक संस्थांमध्ये महासंगणक उभे राहिले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' यंत्रे राष्ट्राला अर्पण करण्यात आली. त्यांपैकी पुण्याचे यंत्र जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी वापरले जाते.

या यंत्रांवर चालणाऱ्या आज्ञावली बहुधा जगभरातील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांत लिहिलेल्या असतात. हवामानाचे प्रतिमान, रेणूंच्या हालचालींचे अनुकरण, द्रवगतिकी, खगोलशास्त्रीय संकेतांचे विश्लेषण हे त्यांचे विषय. या आज्ञावली मूळ संहितेच्या, म्हणजे सोर्स कोडच्या स्वरूपात मिळतात आणि प्रत्येक यंत्रावर त्यांची नव्याने बांधणी करावी लागते. याच बांधणीला संगणक क्षेत्रात 'बिल्ड' असे म्हणतात.

संकलन म्हणजे काय?

मानवाला वाचता येईल अशा भाषेतील संहितेचे यंत्राला समजणाऱ्या संकेतांत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे संकलक किंवा कम्पायलर. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये या कल्पनेचा पहिला आविष्कार घडविला. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीच्या जॉन बॅकस यांच्या गटाने 'फोरट्रान' भाषेचा संकलक उपलब्ध करून दिला. फोरट्रान भाषेतील संहिता आजही हवामानशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

सी किंवा सी प्लस प्लस भाषेतील संहितेची बांधणी सर्वसाधारणपणे चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत शीर्षफाईल, म्हणजे हेडर फाईल, मूळ संहितेत समाविष्ट केली जाते. दुसऱ्या पायरीत व्याकरण आणि अर्थ यांची तपासणी होऊन संहितेचे असेंब्ली भाषेत रूपांतर होते. तिसऱ्या पायरीत यंत्रसंकेतांची फाईल तयार होते. चौथ्या पायरीत अशा अनेक फाईल आणि बाहेरच्या लायब्ररी एकत्र जोडून चालविण्याजोगी आज्ञावली सिद्ध होते. या अखेरच्या कामाला 'लिंकिंग' म्हणजे जोडणी म्हणतात. बांधणी कोणत्या पायरीवर थांबली हे ओळखता आले, तर निम्मे निदान झाल्यासारखे असते.

त्रुटींचे प्रमुख प्रकार

व्याकरणाची त्रुटी हा सर्वांत सोपा प्रकार. राहिलेला अर्धविराम किंवा न मिटलेला कंस संकलक लगेच दाखवून देतो. अशा एका चुकीमुळे पुढील संहितेचा अर्थच बदलत असल्याने पडद्यावर शेकडो संदेश उमटतात. त्यामुळे नेहमी पहिला संदेश वाचून तो प्रथम दुरुस्त करावा आणि पुन्हा संकलन करावे, हा सर्वमान्य नियम आहे. अखेरचा संदेश वाचून उपाय शोधू लागल्यास परिणामालाच कारण समजण्याची चूक होते.

दुसरा प्रकार शीर्षफाईल न सापडण्याचा. संबंधित लायब्ररी यंत्रावर नसणे, ती असूनही तिची विकासासाठी लागणारी फाईल बसविलेली नसणे किंवा तिचा मार्ग संकलकाला न कळविणे, ही याची तीन कारणे.

तिसरा प्रकार जोडणीच्या पायरीवरचा. संहितेत उल्लेख आहे, परंतु त्याची व्याख्या कोठेही मिळत नाही, असा संदेश येतो. लायब्ररीचे नाव आदेशात राहून गेलेले असते किंवा लायब्ररींचा क्रम चुकलेला असतो. स्थिर स्वरूपाच्या लायब्ररी जोडताना जी दुसरीवर विसंबून आहे ती आधी आणि जिच्यावर विसंबलेले आहे ती नंतर लिहावी लागते. क्रम उलटला, तर लायब्ररी हजर असूनही व्याख्या सापडत नाही.

चौथा प्रकार बांधणी यशस्वी झाल्यानंतर प्रकट होतो. आज्ञावली सुरू करताना सामायिक लायब्ररी सापडत नाही किंवा मूलभूत सी लायब्ररीची आवश्यक आवृत्ती यंत्रावर नसते. नव्या यंत्रावर बांधलेली आज्ञावली जुन्या यंत्रावर नेल्यास हा अनुभव हमखास येतो. त्याचप्रमाणे प्रवेशासाठी असलेल्या संगणकाचा प्रोसेसर आणि प्रत्यक्ष गणन करणाऱ्या संगणकाचा प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असल्यास 'अवैध सूचना' असा संदेश देऊन आज्ञावली थांबते. संकलकाला केवळ 'या यंत्रासाठी' असे सांगण्याऐवजी लक्ष्य प्रोसेसरचे नाव देणे हा त्यावरील उपाय होय.

जुनी संहिता, नवा संकलक

संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नसताना काल होणारी बांधणी आज का होत नाही, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. याचे उत्तर संकलकाच्या आवृत्तीत असते. 'जीसीसी' या मुक्त संकलकाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली. त्यापूर्वी फोरट्रानमध्ये एकाच उपक्रमाला वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये पाठविली तरी संकलक फारशी हरकत घेत नसे. दहाव्या आवृत्तीने ही बाब त्रुटी ठरविली. परिणामी, दशकानुदशके वापरात असलेल्या अनेक वैज्ञानिक आज्ञावलींची बांधणी थांबली. याच आवृत्तीत सी भाषेतील सामायिक चलांबाबतचा मूळ संकेतही बदलला आणि 'एकाहून अधिक व्याख्या' असे संदेश दिसू लागले. २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीने पूर्वसूचनेविना वापरलेली फलने आणि असे अन्य काही सैल प्रयोग यांनाही त्रुटी मानले.

अशा वेळी जुने वर्तन परत आणणारा पर्याय संकलकाला देऊन काम तात्पुरते भागते. परंतु नव्या आवृत्तीने दाखविलेली विसंगती अनेकदा खरी असते. ती दडपून मिळालेले उत्तर चुकीचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बांधणी अडली तर वेळ जातो. चुकीची बांधणी पार पडली तर संशोधनाचा निष्कर्षच धोक्यात येतो. म्हणून पर्याय वापरला असल्यास त्याची नोंद ठेवणे आणि संहिता दुरुस्त करणे ही संशोधकाची जबाबदारी मानली जाते.

'मेक'चा जन्म

बांधणी स्वयंचलित करण्याची गरज फार पूर्वीच भासली होती. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संशोधकाची सकाळ बरोबर असलेली आज्ञावली तपासण्यात वाया गेली. चूक आधीच दुरुस्त झालेली होती; मात्र बदललेल्या फाईलचे पुन्हा संकलन करायचे राहून गेले होते. या प्रसंगातून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' ही आज्ञावली तयार केली. या कार्यासाठी त्यांना २००३ चा असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार देण्यात आला.

'मेक'चे तत्त्व साधे आहे. कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आदेशाने तयार होते, हे एका नियमफाईलमध्ये लिहायचे. आधारभूत फाईलची वेळ अधिक अलीकडची असेल, तरच पुढील आदेश चालविला जातो. सर्व फाईलींचे परस्परसंबंध मिळून एक आलेख तयार होतो आणि त्या आलेखातील क्रमानुसार बांधणी पुढे सरकते. या आलेखात चक्र असता कामा नये. पहिली फाईल दुसरीवर आणि दुसरी पहिलीवर अवलंबून असेल, तर आरंभच कोठून करावा हे ठरत नाही.

नियमफाईलमध्ये एखादा संबंध लिहायचा राहिला, तर तो दोष बराच काळ दडून राहतो. एकामागून एक फाईल बांधताना क्रम योगायोगाने बरोबर येतो. एकाच वेळी अनेक फाईलींचे संकलन सुरू केले की बांधणी कधी यशस्वी होते, तर कधी अयशस्वी. अशी अनियमित त्रुटी दिसल्यास संकलकाला दोष देण्यापूर्वी नियमफाईलमधील सुटलेले संबंध तपासावेत. काम एकेरी क्रमाने चालवून पाहणे ही त्याची पहिली चाचणी होय.

अवलंबित्वाची साखळी

आजची कोणतीही मोठी आज्ञावली स्वतंत्र नसते. हवामान संशोधनात जगभर वापरल्या जाणाऱ्या 'डब्ल्यूआरएफ' या प्रतिमानाचे उदाहरण घेता येईल. त्याला आकडेवारी साठविण्यासाठी 'नेटसीडीएफ' लायब्ररी लागते. नेटसीडीएफची आधुनिक रचना 'एचडीएफ-५' या लायब्ररीवर उभी आहे आणि ती माहितीच्या संक्षेपासाठी 'झेडलिब'चा आधार घेते. शिवाय अनेक संगणकांमध्ये काम वाटून देण्यासाठी संदेशवहनाची 'एमपीआय' लायब्ररी आवश्यक असते. नेटसीडीएफचा फोरट्रान भाग मूळ सी भागापासून वेगळा केलेला असल्याने तो स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

यातील मुख्य अडचण एकवाक्यतेची आहे. फोरट्रानच्या मॉड्यूल फाईल ज्या संकलकाने तयार केल्या, त्याच संकलकाला त्या वाचता येतात. एका कंपनीच्या संकलकाने नेटसीडीएफ आणि दुसऱ्या संकलकाने मुख्य प्रतिमान बांधले, तर सर्व लायब्ररी जागेवर असूनही बांधणी अडते. एमपीआयच्या दोन वेगळ्या अंमलबजावणींची सरमिसळ झाली, तर बांधणी पूर्ण होते. परंतु आज्ञावली चालताना कोसळते. म्हणून संपूर्ण साखळी एकाच संकलकाने आणि एकाच एमपीआयने बांधणे हे पहिले पथ्य होय.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न म्हणजे आवृत्त्यांचा संघर्ष. एका आज्ञावलीला दोन लायब्ररी लागतात. पहिलीला तिसऱ्या एका लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी असते आणि दुसरीला नवी. दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदू शकत नसतील, तर तडजोडीची आवृत्ती शोधावी लागते. शेकडो घटक आणि प्रत्येकाच्या अनेक आवृत्त्या असताना सर्वांना मान्य होईल असा संच शोधणे हे गणिती दृष्टीने अत्यंत कठीण मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडते. आवृत्तीच्या तीन अंकी क्रमांकाची पद्धत यासाठी उपयोगी पडते. पहिला अंक बदलला तर जुन्याशी सुसंगती राहिलेली नाही, दुसरा बदलला तर नवी सोय आली आहे आणि तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती झाली आहे, असा हा संकेत. तथापि हा संकेत माणसांनी पाळायचा असल्याने त्यावर पूर्णपणे विसंबणे सुरक्षित नसते. एकदा यशस्वी ठरलेल्या संचातील प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती आणि तिचा तपासांक 'लॉक फाईल'मध्ये नोंदवून ठेवणे अधिक विश्वासार्ह ठरते.

महासंगणकावरील व्यवस्था

महासंगणक हे सामायिक यंत्र असते. एका संशोधकाला जुनी आवृत्ती हवी असते, तर दुसऱ्याला नवी. सर्वसामान्य वापरकर्त्याला यंत्रणेत सर्वांसाठी लायब्ररी बसविण्याचा अधिकार नसतो. गणन करणाऱ्या संगणकांना अनेक ठिकाणी इंटरनेटची जोडणीही नसते, त्यामुळे बांधणीच्या वेळी बाहेरून घटक उतरवून घेणाऱ्या आधुनिक पद्धती तेथे निष्फळ ठरतात.

यावर 'मॉड्यूल' पद्धती हा जुना आणि प्रभावी उपाय आहे. एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात आणि आवश्यक ती आवृत्ती त्या सत्रापुरती निवडली जाते. आदल्या सत्रातील अनावश्यक मॉड्यूल काढून टाकून बांधणी सुरू करणे आणि बांधणीच्या वेळी निवडलेली मॉड्यूल काम पाठविण्याच्या फाईलमध्येही लिहिणे, या दोन सवयींनी बऱ्याच तक्रारी टळतात.

पुढील टप्पा संपूर्ण साखळी आपोआप बांधणाऱ्या साधनांचा. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात 'ईझीबिल्ड' आणि अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 'स्पॅक' ही साधने विकसित झाली. आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, संकलक आणि एमपीआय सांगितले की ही साधने खालच्या सर्व घटकांसह बांधणी करतात. त्यांच्या साहाय्याने वापरकर्ता विशेष अधिकाराशिवाय स्वतःच्या निर्देशिकेत संपूर्ण संच उभा करू शकतो. ज्या आज्ञावली फार जुन्या वातावरणावर अवलंबून असतात, त्यांच्यासाठी 'कंटेनर' म्हणजे संपूर्ण वातावरण बंदिस्त करून नेण्याची पद्धत वापरली जाते.

स्वयंचलित बांधणीची शिस्त

एकाच संहितेवर अनेक जण काम करीत असतील, तर प्रत्येक बदलानंतर संपूर्ण बांधणी आणि चाचणी आपोआप होणे आवश्यक ठरते. या पद्धतीला सातत्यपूर्ण एकत्रीकरण म्हणतात. तिच्या यशासाठी काही नियम सर्वत्र मान्य झाले आहेत.

बांधणी नेहमी कोऱ्या वातावरणात करावी. विकासकाच्या संगणकावर पूर्वी बसविलेल्या लायब्ररीमुळे नियमांतील उणिवा झाकल्या जातात आणि दुसऱ्याच्या संगणकावर त्या उघड होतात.

पहिली त्रुटी येताच बांधणी थांबावी आणि तिचा संपूर्ण वृत्तांत जतन व्हावा. आदेशमालिकेतील एखादा आदेश अयशस्वी झाल्यावरही पुढील आदेश चालत राहिले, तर जुन्याच फाईली नव्या म्हणून पुढे जाण्याचा धोका असतो.

संकलकाच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये. आजचा इशारा पुढील आवृत्तीत त्रुटी ठरू शकतो, हे जीसीसीच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

नेटवर्कमधील तात्पुरत्या बिघाडामुळे घटक न मिळणे आणि संहितेत खरोखर त्रुटी असणे यांत फरक करावा. पहिल्या कारणासाठी पुन्हा प्रयत्न करणे योग्य. दुसऱ्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे म्हणजे निव्वळ कालापव्यय. आवश्यक घटकांची प्रत संस्थेतच ठेवल्यास पहिला धोका बराच कमी होतो.

बांधणी बिघडली असताना नवे बदल स्वीकारू नयेत. आधी ती दुरुस्त करावी किंवा शेवटचा बदल मागे घ्यावा. अन्यथा दोष कोणत्या बदलामुळे आला, हे शोधणे दिवसेंदिवस अवघड होत जाते.

विश्वासाचा प्रश्न

अवलंबित्व ही केवळ सोयीची बाब नाही, हे गेल्या दशकातील घटनांनी जगाच्या लक्षात आणून दिले. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक संग्रहातून 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने काढून घेतला. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर एकाच वेळी थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग फोर जे' या जावा लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघडकीस आली. ही लायब्ररी आपल्या यंत्रणेत आहे की नाही, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. कारण ती दुसऱ्या घटकांमार्फत नकळत आत आली होती.

डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या 'सोलरविंड्स' प्रकरणात हल्लेखोरांनी थेट बांधणीच्या यंत्रणेत शिरकाव केला होता. संकलनाच्या क्षणी मूळ फाईलच्या जागी दुसरी फाईल ठेवली जात असे आणि संकलन पूर्ण होताच मूळ फाईल परत येत असे. विकासकांना संशय येऊ नये म्हणून संकलनात त्रुटी निर्माण होणार नाही, याची हल्लेखोरांनी विशेष दक्षता घेतली होती. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा मार्ग आढळला. घातक भाग वितरित संचातील बांधणीच्या सूचना आणि चाचणीच्या फाईली यांमध्ये दडविलेला होता. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे हा प्रकार वेळीच उघडकीस आला.

अशा घटनांनंतर प्रत्येक आज्ञावलीसोबत तिच्या सर्व घटकांची यादी देण्याचा आग्रह वाढला. या यादीला सॉफ्टवेअर घटकसूची म्हणता येईल. भारतात 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये याविषयीची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दुसरीकडे, एकाच संहितेपासून कोणीही, कोठेही बांधणी केली तरी अक्षरशः तीच फाईल मिळावी, यासाठी पुनरुत्पादनक्षम बांधणीची चळवळ सुरू आहे. दोन स्वतंत्र ठिकाणी केलेल्या बांधणीत फरक आढळला, तर कोठे तरी पाणी मुरते आहे हे लगेच कळते. बांधणीची तारीख, निर्देशिकेचे नाव किंवा फाईलींचा क्रम अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींमुळेही निष्पन्न फाईल बदलत असल्याने हे उद्दिष्ट वाटते तितके सोपे नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने या मुद्द्याचे महत्त्व अधिक आहे. वाराणसीच्या महासंगणकावर मिळालेला निष्कर्ष पुण्याच्या महासंगणकावर पडताळून पाहायचा असेल, तर केवळ संहिता पाठवून भागत नाही. संकलकाची आवृत्ती, त्याला दिलेले पर्याय, लायब्ररींची साखळी आणि बांधणीचे आदेश हे सर्व सोबत जावे लागते. प्रयोगशाळेतील उपकरणांची नोंद जशी प्रयोगवहीत केली जाते, तशीच आज्ञावलीच्या बांधणीची नोंद शोधनिबंधासोबत जतन करणे आवश्यक आहे. ती नसेल, तर निष्कर्ष चुकीचा आहे की बांधणी वेगळी झाली आहे, हे पडताळणाऱ्याला सांगता येणार नाही.